आर्मेरोला ज्वालामुखीने मारले नाही

१/ कोलंबिया, १३ नोव्हेंबर १९८५. रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी अँडीज पर्वतातील नेवादो देल रुईझ या हिमाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक झाला. विवरापासून दरीच्या वाटेने सत्तर किलोमीटरहून अधिक अंतरावरचे आर्मेरो शहर चिखलाखाली गाडले गेले ते रात्री साडेअकराच्या सुमारास. मधल्या काळात सुमारे अडीच तास गेले. या धाग्याचा विषय ते अडीच तास आहेत, आणि त्यांच्या मागे उभी असलेली १४० वर्षे.

२/ दर नोव्हेंबरात ठरावीक वाक्ये फिरू लागतात. ‘निसर्गाचा कोप.’ ‘क्षणार्धात २३,००० बळी.’ ‘शास्त्रज्ञांनाही कल्पना नव्हती.’ सोबत एका मुलीचे छायाचित्र, खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. यातील २३,००० हा आकडा ढोबळमानाने खरा आहे. उरलेले सारे खोटे आहे. शिवाय ते निरुपद्रवी खोटे नाही, कारण त्याच्या आडोशाने अनेक जबाबदार माणसे इतिहासातून सुटून गेली आहेत.

३/ आधी ‘कोप’ या शब्दाचे माप घेऊ. उद्रेकांची तीव्रता मोजणारा निर्देशांक ० ते ८ असा आहे आणि रुईझचा उद्रेक त्यावर ३ वर बसतो. पाचच वर्षांपूर्वी, मे १९८० मध्ये अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स फुटला. त्याचा क्रमांक ५. रुईझने बाहेर फेकलेले द्रव्य सेंट हेलेन्सच्या तुलनेत शेकडा तीनच्या आसपास भरते. सेंट हेलेन्सला मेलेले लोक ५७. पर्वताच्या शक्तीवरून मृत्यूंचा हिशेब मांडू पाहणाऱ्याने या दोन आकड्यांची संगती आधी लावून दाखवावी.

४/ आपल्या भाषेतील ‘ज्वालामुखी’ हा शब्दच येथे थोडा आड येतो. तोंडातून ज्वाळा ओकणारा तो ज्वालामुखी. महाराष्ट्राचा काळा पाषाण तर भेगांतून वाहून आलेल्या लाव्ह्याचाच, त्यामुळे मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वितळलेला खडकच येतो. आर्मेरोत लाव्हा पोहोचला नाही; तो तेथे पोहोचणे शक्यच नव्हते. तेथे पोहोचला तो पाणी, राख, दगड आणि झाडे यांचा लगदा. तो निर्माण झाला बर्फापासून.

५/ दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत नाझ्का हे सागरी भूपट्ट खंडाच्या भूपट्टाखाली सरकते. खोल गेल्यावर त्यातून सुटणारे पाणी वरच्या प्रावरणात मुरते, खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. हा शिलारस दख्खनच्या बेसॉल्टसारखा पातळ नसतो; तो चिकट, वायूंनी भरलेला, अँडेसाइट व डेसाइट जातीचा असतो. तो शांतपणे वाहत नाही, स्फोट करतो. राख आणि लाव्ह्याचे थर एकावर एक चढत शंकूसारखा पर्वत उभा राहतो. भूशास्त्रात त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात.

६/ रुईझ असा सुमारे वीस लाख वर्षे घडत, ढासळत आणि पुन्हा घडत आला आहे. त्याचे जुने रूप कोसळले, त्याच्या जागी नवे उभे राहिले. आजचे शिखर गेल्या दीडेक लाख वर्षांतील लाव्हा-घुमटांचे आहे. उंची सुमारे ५,३०० मीटर. विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर असूनही या उंचीमुळे माथ्यावर हिमनद्या टिकल्या. परिसरातील मूळ रहिवासी त्याला कुमान्दाय म्हणत. १९८५ मध्ये माथ्यावरचे हिमाच्छादन सुमारे २५ चौरस किलोमीटर होते.

७/ अशा पर्वतावर मोठ्या उद्रेकाची गरजच नसते. विवरातून निसटलेले तप्त राख-वायूंचे लोट हिमावरून घासत गेले की ते हिमाला खरवडतात, फोडतात आणि वितळवतात. त्या रात्री रुईझच्या एकूण बर्फापैकी सुमारे एक-दशांशच गेले. तेवढे पुरले. हे पाणी अरुंद, खोल घळींमध्ये शिरले आणि वाटेतील माती, धोंडे, वृक्ष गिळत चालले. खाली येईपर्यंत काही प्रवाहांचे आकारमान चौपट झाले होते.

८/ अशा प्रवाहाला ‘लहार’ म्हणतात. शब्द जावा बेटावरचा. मराठी ‘लहरी’शी त्याचे नाते नाही. त्याची घनता ओल्या काँक्रीटसारखी असते. त्यात पोहता येत नाही आणि त्याच्यापुढे पळता येत नाही. मात्र त्याच्या वाटेतून आधीच बाजूला होता येते, कारण तो नदीची दरी सोडत नाही. लहाराविषयी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि आर्मेरोचा सारा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो.

९/ दरी कोणती? असुफ्रादो नदी रुईझच्या उतारावरून निघून लागुनिया नदीला मिळते. लागुनिया आपल्या खोल दरीतून मैदानात बाहेर पडते ती जागा पंख्यासारखी पसरलेली, सपाट, सुपीक. त्या पंख्याच्या तोंडाशीच आर्मेरो वसले होते. असा पंखा नदीने आणलेल्या गाळाचा असतो. हा गाळ कोणी आणि कसा आणला, हे १९८५ च्या कितीतरी आधी कागदावर लिहिलेले होते.

१०/ पहिली नोंद स्पॅनिश काळातील. १२ मार्च १५९५ रोजी रुईझ फुटला आणि ग्वाली व लागुनिया या दोन्ही नद्यांना चिखलाचा पूर आला. फ्राय पेद्रो सिमोन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने पुढच्या पिढीत या घटनेचे वर्णन लिहून ठेवले. मृतांची संख्या ६३६ दिली जाते. वसाहतीच्या त्या विरळ वस्तीत हा आकडा लहान नव्हे.

११/ दुसरी नोंद तर घटनेला ताजी असतानाची. १९ फेब्रुवारी १८४५ च्या सकाळी लागुनियाच्या दरीतून चिखलाचा लोट उतरला आणि सुमारे १,००० माणसे गाडली गेली. सैन्याधिकारी, इतिहासकार आणि भूशास्त्राचा जाणकार होआकिन अकोस्ता याने त्याची हकीकत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपर्यंत पोहोचवली. उष्ण मैदानात चिखलासोबत बर्फाचे खंड वाहत आले, हा तपशील त्यात आहे. त्या प्रदेशातील गावे जुन्याच चिखलाच्या थरांवर वसली आहेत, हेही त्याच्या ध्यानात आले होते. म्हणजे कारण, मार्ग आणि परिणाम, तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर छापून झाल्या होत्या.

१२/ त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८९५ मध्ये, त्याच थरावर सान लोरेन्सो नावाचे गाव वसले. १९३० मध्ये स्वातंत्र्ययुद्धातील हुतात्मा होसे लिओन आर्मेरो याच्या स्मरणार्थ त्याचे नाव आर्मेरो झाले. कापूस आणि भात यांनी ते श्रीमंत केले. कापसामुळे त्याला ‘शुभ्र नगरी’ म्हणत. १९८५ मध्ये लोकसंख्या सुमारे २९,०००.

१३/ येथे एक उर्मट प्रश्न हमखास येतो: ‘असल्या जागी राहायला गेलेच कशाला?’ गेले, कारण जमीन उत्तम होती. आणि जमीन उत्तम होती ती त्याच राखेमुळे. जगातील कोट्यवधी शेतकरी याच कारणाने ज्वालामुखींच्या छायेत राहतात. दोन-तीन पिढ्यांत एकदाही न घडलेली घटना शेतकऱ्याने लक्षात ठेवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ते काम अभिलेखागारांचे, भूशास्त्रीय संस्थेचे आणि शासनाचे. पहिल्या दोघांनी ते केले.

१४/ (‘दर १४० वर्षांनी रुईझ फुटतो’ असे एक सुबक सूत्रही फिरत असते. १५९५, १८४५, १९८५. यातील पहिले अंतर २५० वर्षांचे आहे. तीन तारखांतून वेळापत्रक निघत नाही; तारखांमधून जे निघते ते एवढेच की चिखल प्रत्येक वेळी लागुनियातून आला.)

१५/ पर्वत गुपचूप फुटला, हे तर साफ असत्य. १९८४ च्या अखेरीपासून शिखराजवळ भूकंपाचे हादरे आणि वायूंचे वाढते उत्सर्जन जाणवत होते. देशात सक्रिय ज्वालामुखीवर देखरेख करणारी यंत्रणा जवळपास नव्हतीच. भूकंपमापक बसायला १९८५ चा जुलै उजाडला. ११ सप्टेंबरला वाफेचा मोठा स्फोट झाला आणि असुफ्रादोच्या दरीतून सुमारे २७ किलोमीटर लहार वाहिला. थोडक्यात, पर्वताने खऱ्या घटनेची छोटी आवृत्ती दोन महिने आधी, त्याच वाटेने करून दाखवली होती.

१६/ मग नकाशा आला. कोलंबियाच्या भूशास्त्रीय संस्थेने, इंजेओमिनासने, जुन्या थरांचे निरीक्षण करून धोक्याचा नकाशा तयार केला आणि ७ ऑक्टोबर १९८५ रोजी मांडला. मोठा उद्रेक झाल्यास लहार येणारच, आणि आर्मेरो त्याच्या वाटेत आहे, असे तो नकाशा सांगत होता. पाच आठवड्यांनी लहार जवळपास नेमक्या त्याच पट्ट्यांतून वाहिले. ज्वालामुखीशास्त्राच्या इतिहासात इतके अचूक ठरलेले नकाशे फार नाहीत, आणि इतके निरुपयोगी ठरलेले तर त्याहूनही कमी.

१७/ नकाशाचे स्वागत कसे झाले? मनिसालेस शहरातील व्यापारी वर्तुळांना मालमत्तेचे भाव पडण्याची चिंता वाटली. वृत्तपत्रे घबराट माजवतात, असा सूर प्रतिष्ठितांनी लावला. संसदेत कल्दास प्रांताच्या एका प्रतिनिधीने सप्टेंबरातच हा प्रश्न उपस्थित केला होता. त्याच्यावर अतिशयोक्तीचा आरोप झाला. आणि ज्या गावाचे नाव नकाशावर होते, तेथील बहुसंख्य लोकांनी तो नकाशा पाहिलाच नव्हता. राजधानीच्या मेजावर पडलेला नकाशा म्हणजे इशारा नव्हे. तो दप्तरी नोंद होतो, आणि नोंद पुढे फक्त चौकशीत कामास येते.

१८/ शासनाच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही, असे नव्हे. उद्रेकाचा दिवस कोणालाही सांगता येत नव्हता. हजारो लोकांना घरे सोडायला लावली आणि महिनाभर काही घडले नाही, तर पिके, दुकाने, शाळा यांचे काय? नंतरच्या इशाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय ६ नोव्हेंबरला एम-१९ या बंडखोर संघटनेने बोगोतातील न्यायप्रासाद ताब्यात घेतला, लष्कराने रणगाडे घुसवले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींसह सुमारे शंभर माणसे मारली गेली. पुढच्या आठवड्यात देशाचे सरकार कोणत्या अवस्थेत असेल, याची कल्पना करता येते.

१९/ हे सर्व मान्य करूनही बचाव कोसळतो. कारण प्रश्न ‘उद्रेक कधी होईल’ हा नव्हताच. उद्रेक झाल्यावर चिखलाला आर्मेरोपर्यंत पोहोचायला तास-दोन तास लागणार, हे अंतर आणि उतार यांवरून ठाऊक होते. महिनाभर शहर रिकामे ठेवण्याची आवश्यकता नव्हती. दरीच्या वरच्या भागात रात्रंदिवस पहारा, त्याच्याजवळ एक रेडिओ, शहरात एक भोंगा, आणि भोंगा वाजला की कोणत्या रस्त्याने कोणत्या टेकडीवर चढायचे याची दोन-तीन वेळा केलेली तालीम. शहरालगत उंच जमीन होती. अनेक वस्त्यांपासून ती काहीशे मीटर चालण्याच्या अंतरावर होती. दफनभूमीच्या चढावर पोहोचलेले लोक वाचले. एवढ्या तयारीला श्रीमंत राष्ट्र लागत नाही.

२०/ गावाला चिंताच नव्हती, हाही गैरसमज. वरच्या दरीत दरड कोसळून लागुनियाचे पाणी अडले होते आणि हा नैसर्गिक बंधारा फुटेल म्हणून आर्मेरोचे महापौर रामोन रोद्रिगेझ महिनोन्महिने वरिष्ठांकडे दाद मागत होते. बंधारा फोडून पाणी सोडले गेले नाही. १३ नोव्हेंबरच्या रात्री लहाराच्या पुढे प्रथम तेच साठलेले पाणी शहरात शिरले. महापौरही त्या रात्री मेले.

२१/ आता तो दिवस. दुपारी तीनच्या सुमारास पर्वतावर पहिला स्फोट. पाचच्या सुमारास आर्मेरोत राख पडू लागली. लोकांना सांगण्यात आले की शांत राहावे, घरातच थांबावे. प्रांताच्या राजधानीत आपत्कालीन समितीची बैठक झाली, स्थलांतराची भाषाही झाली. संध्याकाळी राख थांबली, पाऊस आणि गडगडाट सुरू झाला, वीज गेली. ढगांमुळे शिखर दिसेना. नऊ वाजून आठ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला तेव्हा वादळाच्या आवाजात आर्मेरोतील फार थोड्यांना त्याची चाहूल लागली.

२२/ राख पडल्यावर ‘घरात थांबा’ हा सल्ला जर केवळ राखेचा धोका असता तर योग्यच ठरला असता. दोन महिन्यांपूर्वीचा लहार आणि पाच आठवड्यांपूर्वीचा नकाशा समोर असताना तो प्राणघातक होता. ज्यांनी ऐकले ते अंथरुणात सापडले. अधिकाऱ्यांचे न ऐकता, राख पाहताच उंचावर निघून गेलेले काही लोक जगले. आज्ञाधारकपणाला एवढी कठोर शिक्षा क्वचितच मिळाली असेल.

२३/ आणखी एक तपशील बहुतेक कथनांत गळतो. पर्वताच्या पश्चिमेकडील चिंचिना शहराच्या कडेने दुसरा लहार गेला. तेथे सुमारे १,९०० माणसे मेली, तीही आर्मेरोच्या अर्ध्या तासाहून अधिक आधी. पर्वताच्या एका बाजूला मृत्यू घडून गेला होता. दुसरी बाजू अद्याप अंधारात झोपलेली होती. दोन्ही बाजूंना जोडणारी कोणतीही विश्वसनीय संपर्कव्यवस्था, ११ सप्टेंबरनंतरच्या दोन महिन्यांत, उभारली गेली नव्हती.

२४/ ‘घटना घडून गेल्यावर शहाणपण सांगणे सोपे असते’ हा आक्षेप येथे लागू पडत नाही. पश्चात्बुद्धी म्हणजे मागाहून आलेले ज्ञान. येथील ज्ञान १८४६ पर्यंत छापले गेले होते, सप्टेंबर १९८५ मध्ये डोळ्यांनी दिसले होते आणि ऑक्टोबरमध्ये रंगवून मांडले होते. इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनीही ऑक्टोबरात धोका गंभीर असल्याचेच सांगितले. मागाहून आली ती फक्त मदत.

२५/ तीही कशी आली ते त्या प्रसिद्ध छायाचित्रात आहे. ओमायरा सांचेझ, वय तेरा, कोसळलेल्या घराखाली पाय अडकलेले, गळ्यापर्यंत पाणी. सुमारे साठ तास ती जिवंत होती; पाणी उपसायला योग्य पंप वेळेत मिळाला नाही आणि १६ नोव्हेंबरला ती गेली. फ्रँक फोर्निए याच्या या छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातील सर्वोच्च सन्मान मिळाला आणि जगभरातून लोक संतापले. कोणावर? छायाचित्रकारावर. ‘तिला वाचवायचे सोडून फोटो काढत बसला’ हे वाक्य आजही मराठीतसुद्धा वाचायला मिळते. पंप कोणाकडे असायला हवा होता, हा प्रश्न त्या संतापात वाहून गेला.

२६/ त्या छायाचित्राखाली ‘निसर्गापुढे माणूस हतबल’ असे लिहिणारा शोक करत असतो, हे खरे. परंतु तोच नकळत साक्षही देत असतो, आणि ती आरोपीच्या बाजूची असते.

२७/ अमेरिकी भूशास्त्रज्ञ बॅरी व्होइट यांनी १९९० मध्ये या घटनेची मिनिटामिनिटाची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्यांचा निष्कर्ष यंत्रांवर, उद्रेकाच्या आकारावर वा दुर्दैवावर ठपका ठेवत नाही. चुकीचा अंदाज, निर्णय टाळणे आणि नोकरशाहीचा संकुचितपणा यांच्या साठलेल्या मानवी चुका, असे त्यांचे निदान आहे. उगाच स्थलांतर केल्याचा दोष माथी येऊ नये म्हणून शेवटच्या शक्य क्षणापर्यंत थांबणे, आणि तो क्षण निसटणे.

२८/ या अपयशातून १९८६ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने परदेशांत तातडीने धावून जाणारे ज्वालामुखी-साहाय्य पथक उभारले. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनाटुबो जागा झाला तेव्हा हे पथक तेथील शास्त्रज्ञांसोबत होते. अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना मॉरिस व कातिया क्राफ्ट या फ्रेंच दांपत्याची ज्वालामुखींच्या धोक्यांवरील चित्रफीत दाखवली गेली. लहार म्हणजे काय हे लोकांनी पडद्यावर पाहिले. १५ जून १९९१ चा उद्रेक रुईझपेक्षा कित्येक पटींनी मोठा होता. त्याआधी हजारो लोक हलवले गेले होते. पिनाटुबोचा धोकाही आधी नकाशावरच उतरला होता. फरक एवढाच की तेथे तो नकाशा लोकांपर्यंत पोहोचला.

२९/ आर्मेरो पुन्हा वसले नाही. जुलै १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तेथे आले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ती भूमी पवित्र म्हणून जाहीर झाली. आज तेथे भिंतींचे वरचे भाग, क्रूस आणि झाडी आहे. मनिसालेसला आता ज्वालामुखी वेधशाळा आहे आणि रुईझ हा खंडातील अधिक निरीक्षणाखाली असलेल्या पर्वतांपैकी एक. माथ्यावरचे बर्फ १९८५ च्या मानाने फारच कमी उरले आहे, तरी संपलेले नाही.

३०/ मार्च २०२३ च्या अखेरीस रुईझखाली भूकंपांची संख्या एकाएकी वाढली. इशारा पिवळ्यावरून नारिंगी झाला आणि शिखरालगतच्या सुमारे २,५०० कुटुंबांना हलण्यास सांगण्यात आले. या वेळी नकाशा होता, यंत्रे होती, बातमी प्रत्येक फोनवर होती. गुरे आणि बटाट्याची शेते टाकून जायला अनेकांनी नकार दिला. गुरांची सोय कोण करणार, हा त्यांचा प्रश्न होता. जूनअखेरीस इशारा पुन्हा पिवळ्यावर आला.